बँडवाला नव्हे, राज्यपाल

आमच्या माजघराच्या भिंतीवर दोन फोटो आहेत. एक बायकोचा. ती गेली त्याला आता वर्ष होईल. दुसरा एका गोऱ्या माणसाचा. पांढरा कोट, चकचकीत बटणं, कमरेला तलवार आणि डोक्यावरच्या टोपीत पांढरी पिसं.

बायकोच्या पुण्यानुमोदनाला पाहुणे जमले होते. वंदना झाली, जेवणं झाली, आणि चहा पिता पिता माझ्या धाकट्या मेहुण्याची नजर वर गेली.

"भावोजी, आमच्या ताईच्या शेजारी हा बँडवाला कशाला लटकवलाय? कोणाच्या लग्नात वाजवला होता?"

सगळे हसले. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मीही हसलो. ती गेल्यापासून मला पहिल्यांदा हसू आलं ते त्या दिवशी, आणि तेही तिच्याच फोटोखाली बसून. ती असती तर सगळ्यांत मोठ्याने हसली असती, कारण हा फोटो पहिल्यांदा बघितला तेव्हा तीच बोलली होती, "अहो, साहेबाने डोक्यावर कोंबडा घेतलाय!"

तर तो बँडवाला नव्हे. तो राज्यपाल होता. त्याची गाडी मी चालवली आणि त्याला भात माझ्या बायकोने वाढला. मी सातवीपर्यंत शिकलेला माणूस, मला लिहिता येत नाही, बोलता येतं. म्हणून बोलल्यासारखंच लिहितो.

नव्वद सालानंतरची गोष्ट. मी बहारीनमध्ये एका कंपनीत ड्रायव्हर होतो. कंपनी क्रेन आणि लांब लांब ट्रेलर भाड्याने द्यायची. मालक तिथलाच अरब, पण कारभार सगळा या इंग्रज साहेबाच्या हातात. राहायचा बुसैतीनला, समुद्राजवळच्या एका बंगल्यात. आमचं यार्ड होतं अस्करला, अ‍ॅल्युमिनियमच्या भट्ट्यांच्या बाजूला. रोज सकाळी त्याला घेऊन पूल ओलांडायचा, मनामा मागे टाकायची आणि खाली अस्करला जायचं. साहेब मागे बसायचा नाही. माझ्या शेजारी बसायचा आणि मी सिग्नलला गाडी हळू केली की स्वतःच्या पायाने खोटा ब्रेक दाबायचा. मला राग यायचा. एकदा बोललो, "साब, ब्रेक एकच है, मेरे तरफ." त्या दिवसापासून पाय वर घेऊन बसायचा. पोरासारखा.

तो काही मोठ्या घरातला नव्हता. बाप गोदीत हमालांचा मुकादम. हाही गोदीतच लागला, दोर बांधायला. तिथून क्रेनवर चढला, क्रेनवरून ऑफिसात, ऑफिसातून आखातात. हे सगळं त्याने मला गाडीत सांगितलं, मोडक्या हिंदीत. त्याची हिंदी आधीच्या कुठल्याशा बंदरावर शिकलेली, त्यामुळे तिच्यात शिव्या जास्त आणि क्रियापदं कमी.

साहेबाची एक सवय होती. यार्डात उतरला की सलाम-बिलाम घेत बसायचा नाही. जो माणूस पहिला दिसेल त्याला विचारायचा, "क्या टूटा?"

आपली माणसं काय सांगणार? "सब ठीक, साब." मागे ट्रेलरचा एक्सल मोडून पडलेला असायचा, तरी सब ठीक. साहेबाला नाही म्हणायचं नाही, वाईट बातमी सकाळी द्यायची नाही, ही आपली रीत. मग साहेब स्वतः यार्डभर फिरून मोडलेलं शोधून काढायचा आणि आमच्याकडे बघून मान हलवायचा.

त्याची मॅडम विलायतेला होती. तिला बहारीनचा उन्हाळा सोसला नाही. एकदा आली, महिनाभर पंख्याखाली बसली आणि गेली. मग थंडीत नाताळापुरती यायची. माझी बायको गावाला, खेडच्या बाजूला. ड्रायव्हरच्या पगारात बायकोला आणायला सरकार परवानगी देत नाही. तेव्हा गाडीत रोज शेजारी शेजारी दोन बायकोवाले बसायचे, दोघेही बायकोशिवाय. यावर आम्ही कधी बोललो नाही. बोलण्यासारखं काय आहे त्यात?

मग साहेबाचा गोवेकर कुक गावाला गेला तो आलाच नाही. साहेब आठवडाभर पाव आणि डब्यातले मासे खात होता. एक दिवस गाडीत पोटावर हात ठेवून बोलला, "ये टूटा."

मी बोललो, "साब, मेरी औरत पकाती है."

एवढंच बोललो. बाकी साहेबाने केलं. तिचा व्हिसा घरकामाचा, साहेबाच्या नावावर. मुलीचं लग्न होऊन गेलेलं, तेव्हा तिला मागे ओढ नव्हती. विमानतळावर उतरली ती लुगड्यावर माझा जुना स्वेटर घालून, आणि पहिलं वाक्य बोलली ते, "केवढे बारीक झालात! खाता काय इथे, वाळू?"

बुसैतीनच्या बंगल्याच्या मागे आम्हाला एक खोली मिळाली. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण सलग एका छपराखाली आम्ही तिथे पहिल्यांदा राहिलो. डोक्यावरून विमानं जायची, इतकी खाली की ताटातली आमटी हलायची. ती वर बघून हात जोडायची नाही, दम द्यायची, "अरे, हळू जा की, माणसं जेवतायत!" चार महिन्यांत तिने यल्ला, खलास आणि मफी हे तीन शब्द उचलले आणि त्यांच्यावर सगळा संसार चालवला. साहेब जेवायला उशिरा आला की "साहेब, यल्ला." पातेलं संपलं की "खलास." साहेबाने डॉक्टरच्या सांगण्यावरून मीठ कमी करायला सांगितलं, तर रोज ताट ठेवताना ओरडून सांगायची, "मीठ मफी!" जसं काही तो बहिरा आहे.

साहेब तिला बाई म्हणायचा. ते मी शिकवलं होतं.

सकाळी चहा ठेवला की तो तिलाही विचारायचा, "बाई, क्या टूटा?" आणि ती एकटीच अशी होती की सांगायची. "गॅस का बटन, आपका कोट का बटन, और मेरी कमर." रोज तीन गोष्टी. एखाद्या दिवशी दोनच सुचल्या तर तिसरी माझ्याकडे बोट दाखवून, "और ये."

तीन-चार वर्षं अशी मजेत गेली. मग एका सकाळी पुलावर असताना साहेब बोलला की तो कंपनी सोडतोय. त्याच्या सरकारने पेपरात जाहिरात दिली होती. कुठल्यातरी मोठ्या समुद्रात त्यांचं एक बेट आहे, तिथे गव्हर्नर पाहिजे. बंदर चालवणारा, सामानाच्या बोटी सांभाळणारा, धंद्यातला माणूस चालेल. साहेबाने अर्ज केला होता.

मला ते खरं वाटेना. घरी येऊन बायकोला सांगितलं, "ऐकलंस काय? यांच्याकडे राज्यपाल जाहिरात देऊन नेमतात."

"निदान जाहिरात तरी देतात," ती बोलली.

तेव्हा आम्ही हसलो. जेवताना घास तोंडात फिरायला लागला तेव्हा डोक्यात उजेड पडला. साहेब गेला की तिचा व्हिसा गेला. ती गावाला, मी इथे. परत वर्षातून एकदा भेट. मी घास खाली ठेवला. तिने माझ्याकडे बघितलं. तिलाही कळलं होतं, मला वाटतं माझ्या आधीच.

मी मनातल्या मनात म्हणायला लागलो की साहेबाची मुलाखत फसू दे. आणि ही बाई काय करत होती? त्याला रोज सकाळी दोन उकडलेली अंडी जास्त देत होती, डोकं चालावं म्हणून!

"अगं, तो गेला तर तू पण गेलीस," मी बोललो.

"म्हणून काय त्याला उपाशी ठेवू? त्याची बायको जाणार आहे त्याच्याबरोबर तिकडे. तिथली हवा गार आहे म्हणे. माणसाला बायको मिळते तर मिळू द्या ना."

मॅडमचं हे मला माहीत नव्हतं. साहेबाने ते मला नाही, चुलीपाशी तिला सांगितलं होतं.

मुलाखतीच्या आधी साहेब स्वयंपाकघरात येऊन उभा राहिला. "बाई, तुम पब्लिक. मैं गव्हर्नर. पूछो."

तिने कढई बाजूला केली, पदर खोचला आणि एकदम कडाडली, "पानी क्यों नहीं आया?"

साहेब पंप, पाइप, टाकी, डिझेल असं सांगायला लागला. तिने उलथनं वर केलं. "मफी, मफी! इतना लंबा नहीं. पहले बोलो, आता हूँ देखने."

"और देखने के बाद भी पानी नहीं आया तो?"

"तो चाय पीके जाओ. आप आया तो सही."

साहेब हसत हसत गेला, आणि विलायतेहून नोकरी घेऊनच आला. तिथे त्याने काय उत्तरं दिली ते मी विचारलं नाही. माझं तोंड कडू झालं होतं.

आम्हाला बेटावर घेऊन जा, असं मी बोलून बघितलं. पण गव्हर्नरच्या बंगल्यात माणसं ठरलेली, त्या बेटावरचीच. तिथला ड्रायव्हर बापापासून ड्रायव्हर. इथे नवीन साहेब येणार होता. बायकोच्या व्हिसाचं विचारलं तर साहेब कागद आवरता आवरता बोलला, "नया साहब रखेगा, इंशाल्ला." आखातात राहिलेल्या माणसाला इंशाल्लाचा अर्थ सांगायला लागत नाही.

मधल्या काळात मी एक काम करून बसलो. सुट्टीच्या दिवशी मनामातल्या गुदैबियाला आमच्या मंडळाच्या लोकांत चहा पिताना सांगून टाकलं, "माझा साहेब राज्यपाल झाला." झालं! संध्याकाळपर्यंत गुदैबियातल्या सगळ्या मराठी खोल्यांत बातमी. आमच्या समाजाची एप्रिलातली जयंती जवळ आली होती. मंडळाचा अध्यक्ष एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होता, भाषणाला कुठेही तयार. त्याने ठरवलं, जयंतीला राज्यपाल महोदयांचा जाहीर सत्कार. दुसऱ्या देशाचा असला म्हणून काय, राज्यपाल तो राज्यपाल.

एका हॉटेलचा वरचा हॉल घेतला होता. निळ्या पताका, पांढऱ्या साड्या, समोर फुलं. वंदना झाली. साहेब चपला काढून आमच्याबरोबर हात जोडून उभा राहिला. मग शाल, गुच्छ, मानपत्र. अध्यक्षाने "सन्माननीय भावी राज्यपाल महोदय" म्हणून सुरुवात केली आणि संपवायचं विसरला. साहेब खुर्चीत शाल घेऊन घामाने भिजत होता.

आणि मग लोक उठले आणि रांगेत आले. प्रत्येकाच्या हातात कागद.

आपल्याकडे राज्यपाल, मंत्री, कलेक्टर कोणीही आला की निवेदन द्यायचं असतं. तो कुठला, त्याच्या हातात काय आहे, हे कोण बघतो? माणूस खुर्चीवर बसलाय ना, मग दे निवेदन! एकाचं म्हणणं, मुंबईच्या विमानात जेवण गार देतात. एकाला मंडणगडच्या त्याच्या वाडीला एसटीचा थांबा पाहिजे. एक वेल्डर, त्याला बेटावर वेल्डिंगचं काम आहे का ते जाणून घ्यायचंय. मंडळाचं निवेदन, कार्यक्रमाला कायमची जागा मिळावी. अध्यक्ष एकेक कागद इंग्रजीत समजावत होता. साहेबाच्या मांडीवर गठ्ठा झाला.

मी मागेच उभा होतो. साहेब वळून हळूच बोलला, "ये सब मैं कैसे करूँगा?"

"साब, करने का नहीं. लेने का, और देखेगा बोलने का. हमारे उधर ऐसाच चलता है."

"नहीं," साहेब बोलला. चष्मा काढला, लावला आणि उभा राहिला. एकेक कागद हातात घेऊन सांगायला लागला. विमानाचं मेरे हाथ में नहीं. एसटीचं तर मुझे मालूम भी नहीं एसटी क्या है. वेल्डर चाहिए होगा तो बोलूँगा, अभी मालूम नहीं. लोक आधी नाराज झाले. माझ्या शेजारचा कुजबुजला, "असा कसा हा राज्यपाल? तोंडावर नाही म्हणतो!" पण हळूहळू गंमत वाटायला लागली. प्रत्येक 'नाही'ला टाळ्या पडायला लागल्या. एसटीवाला तर उठून बोलला, "चालेल साहेब, आमचे आमदार हो म्हणतात आणि तरी थांबा नाहीच." जागेचं मात्र साहेबाने खरं हो म्हटलं. यार्डाची कँटीन शेड सुट्टीच्या दिवशी मोकळीच असते, मालकाला सांगतो. तेव्हा तर खुर्च्या वाजल्या.

साहेबाला चेव आला. सगळ्या हॉलकडे बघून त्याने यार्डातल्यासारखं विचारलं, "और? क्या टूटा?"

सगळे एका आवाजात, "सब ठीक, साब!"

तेवढ्यात बायकांच्या रांगेतून माझी बायको उभी राहिली. मी हातानेच बस बस केलं. ती माझ्याकडे बघतच नव्हती.

"साहेब," ती बोलली, "हमारा घर. अभी टूटा नहीं. आप जाने के बाद टूटेगा."

अध्यक्षाची धांदल उडाली. कार्यक्रम बिघडू नये म्हणून तो घाईघाईने इंग्रजीत काहीतरी आभारासारखं बोलायला लागला. साहेबाने हात वर केला. "मैं समझा."

मग सगळ्यांसमोर त्याने तिला विचारलं, "नया साहब?"

"वो अपना कुक ला रहा है. उसके ऑफिस का आदमी बोला."

"मैंने पूछा नहीं," साहेब बोलला. थोडा वेळ शालीची दशी बोटाला गुंडाळत राहिला. मग इंग्रजीत काही बोलला आणि या खेपेला अध्यक्षाने सरळ सांगितलं, "साहेब म्हणतात, मी या बेटावर जातोय कारण माझी बायको तिथे माझ्याबरोबर राहायला कबूल झाली. मोठं घर आहे, गाडी आहे, टोपी आहे, पण मी चाललोय ते तिच्यासाठी."

हॉलमध्ये निम्म्याहून जास्त पुरुष बायका गावाला ठेवून आलेले. कोणी टाळी वाजवली नाही.

साहेबाने तिच्याकडे बघून एवढंच म्हटलं, "बाई, आता हूँ देखने."

मला राग आला. हे तर तिनेच शिकवलेलं वाक्य!

पण तो आला. दुसऱ्या दिवशी सकाळी बंगल्याच्या मागे येऊन आमच्या खोलीचं दार वाजवलं. इतक्या वर्षांत कधी आत आला नव्हता. स्टुलावर बसला. एकमेकांना तारेने बांधलेल्या दोन लोखंडी खाटा बघितल्या, तिच्या कढीपत्त्याच्या डब्याकडे बघितलं, चहा प्यायला. मग मला बोलला, "यल्ला." मी त्याला मालकाकडे नेला. मी गाडीत बसलो. एसी चालू ठेवून, बंद करून, परत चालू करून. खूप वेळाने साहेब बाहेर आला, शेजारी बसला आणि पाय वर घेऊन बोलला, "खलास."

मला वाटलं संपलं सगळं.

"बाई कंपनी में. गेस्ट हाउस का कुक. गुदैबिया. तुम भी उधर."

मी गाडी चालू केली ती चुकून रिव्हर्समध्ये. साहेबाचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. त्या दिवशी दाबू दे म्हटलं.

साहेब गेला. बायकोने गुदैबियाला पुण्या-मुंबईच्या इंजिनियरांना जेवायला घातलं. कोणाला तेल कमी, कोणाला कांदा नको. त्यांनाही रोज सकाळी विचारायची, "काय मोडलंय?" ते म्हणायचे, "काही नाही काकू." ती म्हणायची, "खोटं बोलता, तोंडं बघा आपली." दहा पोरांत दोघे तरी मग स्वयंपाकघरात येऊन घरचं सांगत बसायचे. आम्ही तिथे राहिलो, भाजीवाल्याच्या वरच्या खोलीत, एकत्र, कंपनीने मला घरी पाठवेपर्यंत.

फोटो पुढच्या नाताळाला आला. टोपी, तलवार, पिसं. शेजारी मॅडम उभी, वाऱ्याने तिचे केस उडालेले, हसणारी. मेहुण्याला ती दिसत नाही, कारण फ्रेम लहान मिळाली आणि मॅडमचा भाग आत दुमडला गेलाय. बायको कोंबड्याला हसून झाल्यावर बोलली, "बघा, गार हवा मानवली हो तिला." फोटोच्या मागे साहेबाने लिहिलं होतं की बंदरावर तो रोज विचारतो काय मोडलंय, आणि तिथेही सगळे म्हणतात, सब ठीक.

आता पुतण्या घराला रंग काढायचा म्हणतो. फोटो काढून ठेवू का, विचारत होता. मी सांगितलं, रंग काढ, पण खिळे हलवू नकोस. आणि साहेबाची फ्रेम मोठी करून आण, मॅडमही दिसू दे.

सकाळी चहा ठेवतो तेव्हा तिच्या फोटोकडे बघून विचारतो, काय मोडलंय? ती सांगत नाही, तेव्हा मलाच सांगावं लागतं. गॅसचा लायटर, मागच्या दाराची कडी. तिसरी गोष्ट तिला माहीत आहे.